थांबलेल्या हवेला दहापैकी नऊ

३ नोव्हेंबर

ही वही मी स्वतः बांधली. बेचाळीस वर्षं लोकांची पुस्तकं बांधली, त्यातून उरलेल्या कागदांची. कुठे पिवळा कागद, कुठे निळसर, कुठे रेघांचा. दिसायला गोधडी, पण शिलाई अशी की एकवेळ मी मोडेन, ती मोडणार नाही. शाळा माझी चौथीपर्यंत. पुढचं वाचन झालं ते बांधणीच्या टेबलावर, फर्मे, म्हणजे शिवायच्या पानांचे जुडगे, जसे हाताला येतील तसं. त्यामुळे कितीतरी गोष्टींचा शेवट मला आधी कळला आणि सुरुवात कधीच कळली नाही.

वहीचं कारण आज सकाळी चहावर झालेलं भांडण. विषय नेहमीचाच, हवा.

हिला वारा लागतो. अठ्ठावीस वर्षं टपाल वाटत गावभर फिरली, वारा प्यायलेलं वासरूच ते. गुडघ्यांनी संप केला म्हणून आता घरात बसते, पण खिडकी सताड उघडी हवी. मला वाऱ्याचं नाव काढलेलं खपत नाही. खळ लावलेल्या पुठ्ठ्यावरून झुळूक गेली की तो एका बाजूने आधी सुकतो आणि पापडासारखा वाकतो. कागद उडतात ते वेगळंच. माझं मत जुनं आणि पक्कं आहे : झुळूक, निरभ्र आकाश आणि रिमझिम या तिघांना फुकटचा मान मिळतो. निरभ्र आकाश म्हणजे कोरं पान, त्यात वाचण्यासारखं काय? रिमझिम धड भिजवत नाही, धड सोडत नाही. उलट मळभ, धुकं आणि थांबलेली हवा, यांची कुणी कदर करत नाही. सावत्र लेकरंच ती. वादळालाही मी नावं ठेवत नाही. ते निदान गडगडून, सांगून येतं. न सांगता येणारं काही मला आवडत नाही.

ही म्हणाली, "एवढं कळतं तर लिहून ठेवा की. रोज आपण दोघांनी हवेला मार्क द्यायचे, दहापैकी. वर्षाच्या शेवटी बेरीज. ज्याची जास्त, त्याची हवा श्रेष्ठ."

"आणि हरणाऱ्याने?"

"खिडकीबद्दल जन्मभर तोंड उघडायचं नाही."

खोटे मार्क द्यायचे नाहीत, अशी चहाच्या कपावर हात ठेवून शपथ झाली. निकाल लागेपर्यंत खिडकी बंद, कारण खोकला माझा आहे आणि डॉक्टरांनी गार वारा टाळायला सांगितलंय. एवढं हिने मोठ्या मनाने दिलं.

आज निरभ्र. माझे ३. हिचे ८.

६ नोव्हेंबर

आज दोन्ही खिडक्या बंद केल्या, आणि नुसत्या बंद नाही. चौकटीच्या प्रत्येक फटीवर जाड कागदाची पट्टी, वरून खळ, त्यावर कापडाची पट्टी, हाडाच्या सुरीने दाबून दाबून. कोपरे तर असे दुमडले की एखाद्या धर्मग्रंथाला मिळणार नाहीत. दाराच्या खालच्या फटीत जुन्या कापडाचा लोड. मेणबत्ती धरून पाहिली, ज्योत हलली नाही.

ही पलंगावरून पाहत होती. म्हणाली, "झालं, मला बांधलंत. आता पाठीवर सोनेरी अक्षरांत नाव तेवढं घाला."

आमचं घर लाँड्रीच्या वर, दोन खोल्यांचं. खाली गेल्या महिन्यात नवा कोळशाचा बंब बसलाय, लाँड्रीवाला आता हॉटेलांच्या चादरीही घेतो. बंब पहाटे पाचला पेटतो, रविवार सोडून. त्याचं धुराडं आमच्या झोपायच्या खोलीच्या भिंतीतूनच वर जातं, त्यामुळे ती भिंत आयती ऊबदार. पलंग तिला लावून घेतला, माझं टेबलही. जिन्यावर राहणारा बोका थंडी पडली की याच भिंतीला येऊन चिकटतो. दुसऱ्याच्या चुलीवर शेकणं म्हणतात ते हेच.

ढगाळ, शांत. माझे ७. हिचे ४.

९ नोव्हेंबर, रविवार

वारा. झाडांचा नुसता तमाशा. ही काठी टेकत चौकापर्यंत गेली आणि पोरीसारखी लाल नाक घेऊन परत आली. मी टोपी धरून चालत होतो, तरी ती एकदा उडालीच. हिने काठीने अडवली आणि म्हणाली, "वाऱ्याने तुम्हाला सलाम केला, तुम्हीच कद्रू."

माझे २. हिचे ९.

१३ नोव्हेंबर

धुकं! उठलो तर समोरचं घर नाही, रस्ता नाही, जगच नाही. धुक्यात आवाजसुद्धा कापसात गुंडाळून येतात. पान हलत नाही. खळ अशी सावकाश, सारखी सुकतेय की पुठ्ठा आरशासारखा सपाट. अशा हवेला लोक 'खराब' म्हणतात! लोकांना काय, उजेड असला की पुरे.

वर्तमानपत्र आणायला गेलो. रोज जातो, चौकात तासभर गप्पा होतात. परतताना लाँड्रीवाला दारात कुडकुडत उभा. म्हणाला, "काका, या हवेत माझा धूर वर जायलाच मागत नाही. बसकण मारतो. दार उघडं टाकून काम करतोय, बोटं गारठली."

ही वरून जिन्यातून ओरडली, "धुराला मालकाचा गुण लागला! आळशी!"

"काकू, तुम्ही या, इस्त्री धरा, मग बघू आळशी कोण!"

वर आलो तर हिचं डोकं धरलेलं. कपाळावर ओला रुमाल. मी मार्क विचारले तर म्हणाली, "दोन. आणि तेही तुमच्याकडे बघून."

माझे ९. हिचे २.

इथे खरं लिहितो, कारण वही माझी आहे. मला संशय येतो. माझ्या आवडीची हवा आली आणि नेमकं त्याच दिवशी हिचं डोकं दुखावं?

१८ नोव्हेंबर

ऊबदार भिंतीला हातभर लांब भेग दिसली, छतापासून खाली पलंगाकडे येणारी. कडेने काळसर झालीय. घरमालकिणीने मिस्त्री पाठवला. त्याने भिंतीवर बोटाने टकटक केलं, कान लावला, आणि म्हणाला, "आत विटा ढासळल्यात. धुराडं झाडून घ्या, नाहीतर तुंबेल. भिंत फोडावी लागेल कदाचित."

मिस्त्र्याला भिंत दाखवली की तो फोडायचंच म्हणणार, न्हाव्याला डोकं दाखवावं तसं. घरमालकीण म्हणाली थंडी गेल्यावर बघू. मला ते पटलं. भर थंडीत कोण भिंत उघडी टाकणार?

भेगेचं काम मीच केलं. बारीक विणीचं कापड, दोन हात खळ, वरून कागद. पुस्तकाच्या पाठीला लावतो तसं. हिला दाखवलं. म्हणाली, "भिंतीला पुस्तक समजलात, आता वाचा."

मळभ. माझे ८. हिचे ३, 'डोकं' असा शेरा. शेरे लिहायचं आपलं ठरलं नव्हतं, असं मी म्हटलं.

२२ नोव्हेंबर

धुक्याचा तिसरा दिवस. वाचनालयाच्या कोशाचं काम चाललंय. आज दुपारी लक्षात आलं की दहावा फर्मा आठव्याच्या आधी शिवलाय. बेचाळीस वर्षांत हे कधी झालं नव्हतं. उसवला, पुन्हा शिवला, पुन्हा तेच. बोटं दुसऱ्याची असल्यासारखी. खळीचा ब्रश अर्धा तास शोधला आणि तो माझ्याच कानावर खोचलेला. काखेत कळसा अन् गावाला वळसा. वय झालं बाबा.

बोका आत येईना. दार उघडून चुचकारलं, दुधाची बशी दाखवली. उंबऱ्यापर्यंत आला, भिंतीकडे पाहिलं, आणि वळून जिन्यातल्या गार दगडावर जाऊन बसला. मांजराची जात, उपकार ठेवत नाही.

माझे ९. हिचे १.

२४ नोव्हेंबर

काल रविवारी धुकं दाट होतं, तरी हिने सहा दिले. डोकंही नाही म्हणे. स्वतः उठून शिरा केला, मला दोन विनोद ऐकवले. मला वाटलं, चला, आली बाई वळणावर. आज तेच धुकं आणि पुन्हा एक मार्क.

आणि आज मोठंच सापडलं. स्वयंपाकघराच्या खिडकीची खालची पट्टी कोपऱ्यात सोललेली, नाक मावेल एवढी. आजची नाही, कडा मळलेल्या. म्हणजे मी चौकात गेलो की ही रोज तिथे नाक लावून उभी राहते!

"हा काय प्रकार?" मी विचारलं.

"श्वास."

"घरात काय श्वास नाही?"

"नाही," ती म्हणाली. "अहो, खरंच नाही. छातीवर कुणी टपालाची पिशवी ठेवल्यासारखं होतं सकाळी. भरलेली."

"निकाल लागेपर्यंत खिडकी बंद ठरली होती. शपथ झाली होती."

"ठरली होती," म्हणाली आणि बसली.

मी कोपरा पुन्हा चिकटवला. या वेळी सरसाने. खळीपेक्षा सरस घट्ट.

२९ नोव्हेंबर

सकाळी हिला उलटी झाली, दोनदा. उठताना भिंतीचा आधार घेतला. मी घाबरलो, नाही म्हणत नाही. हाताला धरून दवाखान्यात नेलं, वीस मिनिटं लागली, वारा बोचरा होता. आणि पोचेपर्यंत बाई टुणटुणीत! डॉक्टरांच्या बाकावर बसून शेजारणीला कुठल्या गल्लीत किती कुत्री चावली ते सांगत होती. डॉक्टरांनी नाडी बघितली, जीभ बघितली, म्हणाले पोट बिघडलं असेल, वय आहे, हलकं खा.

परत येताना माझ्या तोंडून निघून गेलं. "रडीचा डाव किती दिवस चालवणार आहेस?"

ती थांबली. भर रस्त्यात, वाऱ्यात. "तुम्हाला वाटतं मी मार्कांसाठी ओकले?"

मी पुढे चालू लागलो. थांबायला हवं होतं. घरी आल्यावर तासाभरात तिचं डोकं पुन्हा दुखायला लागलं, आणि मी ते पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

माझे ३. हिने मार्क दिले नाहीत.

२ डिसेंबर

पडली.

मी वर्तमानपत्र घेऊन वर आलो तर स्वयंपाकघरात जमिनीवर. चहाचं आधण आटून भांडं काळं झालेलं. हाका मारल्या, उठेना. लाँड्रीवाल्याला ओरडून बोलावलं. त्याने तिला उचलून जिन्यातून खाली नेलं, त्याच्या उघड्या दारात चादरींच्या ढिगावर निजवलं. दहा मिनिटांनी डोळे उघडले. पहिलं वाक्य, "या चादरी नीट धुतल्या नाहीत."

तो रडला. एवढा मोठा माणूस, हसत हसत रडला. म्हणाला, "काका, माझंही डोकं उठतं हल्ली. दार बंद केलं की जास्त. कोळसा ओला येतोय बहुतेक."

गाल मात्र हिचे गुलाबी होते, लग्नात होते तसे. मनात आलं, एवढी टवटवीत दिसते आणि पडते कशी?

लेक आली. गावाच्या दुसऱ्या टोकाला राहते ती. आईची पिशवी भरली आणि मला म्हणाली, "बाबा, थोडे दिवस हिला माझ्याकडे राहू द्या. तुम्हीही चला."

वाचनालयाचं काम अडकलंय म्हणालो. खरं म्हणजे तिच्या घरी चारी खिडक्या उघड्या असतात.

जाताना ही म्हणाली, "मार्क पाठवत जाईन. डाव मोडायचा नाही."

धुकं. माझे ९ लिहिले होते सकाळी. खोडणार नाही, शपथ आहे. पण बघवत नाही त्या आकड्याकडे.

५ डिसेंबर

तिचं पहिलं कार्ड आलं, टपालाने. टपालवालीच ती, दुसरं काय करणार! अक्षर ठणठणीत :

'वारा. ९. डोकं नाही. उलटी नाही. नातीबरोबर गच्चीत बसले. तुमचं जेवण? खिडकी?'

लेकीच्या घरी गेल्यापासून एकदाही डोकं दुखलं नाही म्हणे. बायकांची डोकी लेकीच्या हातचा चहा मिळाला की बरी होतात.

घर खायला उठतं. भिंतीला पाठ लावून बसतो, ती तरी ऊबदार आहे. भेगेवरचं कापड उष्णतेने सुटायला लागलंय, कडा कुरळ्या होऊन वळल्यात. पुन्हा खळ लावली.

माझे ४.

९ डिसेंबर

तीन दिवस लिहिलं नाही. चौकातही गेलो नाही, पाय उचलवेनात. डोक्यात कुणीतरी पुठ्ठे ठोकतंय. विरह म्हणतात तो हाच असावा. सत्तरीत. लोक हसतील.

लाँड्रीवाला गरम पाव घेऊन वर आला. दारातच थांबला. "काका, एवढं कोंदट! खिडकी उघडा जरा. तुमचा चेहरा बघा."

"काय झालं चेहऱ्याला?"

"लाल झालाय. दारू प्यायल्यासारखा."

"थांबलेल्या हवेची नशा," मी म्हटलं. तो हसला नाही.

आज कार्ड दोन ओळींचं : 'गुरुवारी चारला घरी येते. डावाचं जाऊ द्या, मला तुमची काळजी वाटते.'

चारला येते म्हणजे पावणेचारला येईल. अठ्ठावीस वर्षांत हिचं टपाल कधी उशिरा गेलं नाही. उलट लोक अजून अंथरुणात असायचे.

धुकं. माझे ८.

११ डिसेंबर, गुरुवार

आजच्यासारखी हवा मी जन्मात पाहिली नाही. धूर जिथे सुटतो तिथेच उभा राहतो. खालच्या धुराड्याचा धूर गच्चीवरून उतरून आमच्या खिडकीच्या काचेला टेकलाय, दुधावर साय धरावी तसा. एक चिटपाखरू नाही. एरवी मी अशा दिवसाला दहा दिले असते.

पण आज वेगळंच काम करत बसलो. ती येतेय तर बेरीज तयार ठेवावी म्हणून दोन्ही रकाने समोरासमोर मांडले. बेरीज दोनदा चुकली. तिसऱ्यांदा आकडे नाचायला लागले म्हणून बेरीज सोडली आणि नुसते पाहत बसलो.

जिथे माझे नऊ, तिथे हिचा एक, दोन, आणि 'डोकं'. प्रत्येक वेळी. एकदाही चूक नाही. खोटं बोलणारा माणूस कुठेतरी चुकतोच, मी एवढी पुस्तकं उगीच नाही बांधली. ती खरंच आजारी पडत होती. माझी आवडती हवा हिला मानवत नाही, आणि मी हिला रडीचा डाव म्हणालो. भर रस्त्यात. सरस लावला मी हिच्या नाकापुढे.

एक तेवढं कळत नाही. तेवीस तारखेच्या रविवारी धुकं होतं तरी हिचे सहा. रविवारी असं काय होतं? किंवा काय नव्हतं? विचार करायला गेलो की डोकं गरगरतं. हिलाच विचारीन.

ठरवलं. मी हरलो. खिडकी हिची, जन्मभर. ती यायच्या आत सगळ्या पट्ट्या काढून खिडकी सताड उघडून ठेवणार, मग काय म्हणते बघू. वारा नसला तरी खिडकी तरी दिसेल उघडी.

हाडाची सुरी घेतली. कोपऱ्यापासून सुरू केलं. फार चांगलं बांधलंय मी. सुरी दोनदा हातातून पडली, दुसऱ्यांदा वाकून उचलता आली नाही. हसू आलं. माझंच काम मला उकलत नाही.

साडेतीन झालेत. बोका बाहेरून दार ओरबाडतोय, असा ओरडतोय की जणू त्यालाच आत कोंडलंय. उठून बघायला हवं.

आधी पाच मिनिटं भिंतीला पाठ लावतो. मग सुरी, मग खिडकी. अजून पंधरा मिनिटं आहेत, हिच्या हिशोबाने. छान ऊब आहे. झोप मात्र

माझे मार्क देत नाही आज. हिचे, ती आली की.

१२ डिसेंबर

यांची वही. मी लिहिते आहे, दवाखान्याच्या बाकावर बसून.

काल बस लवकर भरली म्हणून वेळेआधीच सुटली. साडेतीन वाजून पाच मिनिटांनी मी जिन्यात होते. बोका वेड्यासारखा दाराला भिडत होता. माझी किल्ली होती. आत पाऊल टाकलं आणि छातीवर तीच पिशवी आली, भरलेली. खिडकीची पट्टी मला निघाली नाही. यांचा पुस्तकं दाबायचा लोखंडी दाबठोकळा उचलला आणि काच फोडली, मग दुसरी. मग यांना जिन्यात ओढलं. गुडघे कुठे गेले होते कोण जाणे.

लाँड्रीवाल्याने बंब विझवला, रविवारी असतो तसा. मिस्त्री येऊन भिंत फोडून गेला. आतून दोन घमेली विटा निघाल्या आणि काजळी. डॉक्टर म्हणतात कोळशाचा वायू, वास नसतो, न सांगता येतो. यांचं अजून काही सांगता येत नाही म्हणतात.

आज वारा सुटलाय, सकाळी वही आणायला घरी गेले तर पडदे छताला लागत होते. घराला खिडकीच उरली नाही, नुसती चौकट. यांच्या पट्ट्या मात्र चौकटीला तशाच, एक कोपरा सुटला नाही.

माझे दहा.

यांचे, डोळे उघडले की विचारते. दोन म्हणाले तरी लिहीन.